डोमेनच्या नावात 'जळगाव' घालावं का? कीवर्ड असलेलं डोमेन निवडायची रीत

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे वेफर्स करणारा गट असो, जळगावची डाळमिल असो की नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी, वेबसाइट काढायची ठरली की पहिला सल्ला हमखास एकच मिळतो: धंद्याचा शब्द डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, नावातच घाला, गूगलवर आपोआप वर याल. हा सल्ला एके काळी बराचसा खरा होता. लोक शोधतात ते शब्द जसेच्या तसे डोमेनमध्ये असले की पानावर फारसं काही नसलं तरी साइट वर दिसायची. २८ सप्टेंबर २०१२ रोजी गूगलचे मॅट कट्स यांनी जाहीर केलं, की शोधशब्दाशी तंतोतंत जुळणारं डोमेन घेतलेल्या हलक्या दर्जाच्या साइट आता खाली जातील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी सुमारे ०.६ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होणार होता. आकडा लहान वाटतो, पण 'नाव घेतलं की काम झालं' हा धंदा तिथे संपला.

आज गूगलच्या नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की डोमेनमधल्या कीवर्डचा (लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दाचा) रँकिंगवर (निकालातल्या क्रमावर) जवळपास काहीच परिणाम होत नाही. तरीही नाव विचार करूनच निवडावं लागतं, कारण फायदा आता वेगळ्या वाटेने येतो. मोबाइलवर शोधाच्या निकालात पूर्वी डोमेनपुढे पानाचा मार्गही दिसायचा. जानेवारी २०२५ पासून गूगलने तो मोबाइलवरून काढला आणि तिथे फक्त डोमेन उरलं. म्हणजे पुण्यात बसून 'खान्देशी पापड' शोधणाऱ्याला मथळ्याजवळ तुमचं डोमेन दिसतं. ते वाचून धंदा कळला, तर बोट तिथे टेकण्याची शक्यता वाढते. दुसरा फायदा लिंकचा. कुणी तुमच्या नावानेच लिंक दिली तर नावातले शब्द त्या लिंकच्या मजकुरात आपसूक येतात, आणि लिंकचा मजकूर गूगल पाहतं. तिसरा फायदा लक्षात राहण्याचा. एवढ्यासाठी नावावर दोन-चार दिवस खर्च करणं योग्य आहे, दोन-चार महिने नाही.

आधी वही, मग डोमेन

डोमेन शोधायच्या आधी एक वही घ्या आणि ग्राहक फोनवर जे शब्द वापरतात ते वीस-पंचवीस शब्द लिहून काढा. तुम्ही म्हणता ते नकोत, ते म्हणतात ते हवेत. व्यापारी 'उडीद मोगर' म्हणतो, गिऱ्हाईक 'उडदाची डाळ' म्हणतं. आठवड्याभराचे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश चाळले तरी ही यादी तयार होते.

मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत एकेक शब्द गूगलमध्ये टाइप करा आणि खाली ज्या सूचना येतात त्या उतरवा. हे चारदा करायचं: देवनागरी मराठीत, रोमन लिपीतल्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. नवापूर-नंदुरबारकडचा माल सुरत-उच्छलकडे जात असेल तर गुजरातीतही करा. त्यानंतर गूगल ट्रेंड्समध्ये एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवून पाहता येतात. भारत निवडून मग महाराष्ट्रावर या. तालुक्याच्या पातळीचे शब्द तिथे बहुतेक वेळा शून्य दाखवतात. शून्य म्हणजे कुणीच शोधत नाही असं नव्हे, आलेख काढण्याइतकी संख्या नाही एवढंच. आकडे हवे असतील तर गूगल अ‍ॅड्सचं खातं उघडून त्यातला कीवर्ड प्लॅनर वापरा आणि ठिकाणात जळगाव, धुळे, नंदुरबार निवडून एकदा, पुणे-मुंबई निवडून एकदा आकडे घ्या. जाहिरातीवर पैसे न खर्चणाऱ्याला नेमका आकडा मिळत नाही, '१० ते १००', '१०० ते १,०००' असे पट्टे मिळतात. नाव ठरवायला तेवढं पुरतं.

जुनी साइट किंवा गूगलवर दुकानाची नोंद असेल तर तुमच्याकडे याहून चांगली माहिती आधीच पडून आहे. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं मोफत साधन) आणि बिझनेस प्रोफाइलच्या (दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीच्या) कामगिरीच्या पानावर लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. तिथून सुरुवात करा.

यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे एक खूण करा: शोधणाऱ्याला घ्यायचंय की फक्त पाहायचंय? इथे सर्वांत जास्त चुका होतात. 'केळी भाव' किंवा 'जळगाव सोने भाव' हे शब्द भरपूर शोधले जातात म्हणून मोहात पाडतात. पण 'केळी भाव' शोधणारा बहुतेक वेळा स्वतःच शेतकरी असतो, त्याला आज रावेरला काय भाव निघाला ते हवंय. त्याला वेफर्सचं पाकीट विकता येणार नाही. सोन्याचा भाव पाहणाराही आकडा वाचून निघून जातो. रोज भाव टाकायची तयारी नसताना 'भाव' हा शब्द नावात घेतला, तर येणारा प्रत्येक माणूस रिकाम्या हाताने परत जातो आणि पुन्हा येत नाही.

गावाचं नाव घालायचं की नाही

काम जागेवरचं असेल, म्हणजे दातांचा दवाखाना, मंगल कार्यालय, ट्रॅक्टर दुरुस्ती, तर ग्राहक ज्या गावात आहे त्या गावाचं नाव उपयोगी पडतं. माल बाहेर जात असेल तर उगमाचं नाव, आणि तेही त्या नावाला बाहेर वजन असेल तरच. जळगावची केळी, जळगावचं सोनं, नंदुरबारची मिरची, बामणोदचं भरिताचं वांगं, या जोड्या लोकांच्या तोंडी आधीच आहेत. ज्या मालाशी तुमच्या गावाचं नाव कुणी जोडत नाही, तिथे गाव घालून फक्त अक्षरं वाढतात.

'खान्देश' हा शब्द जपून वापरायला हवा. खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्येच झाले. पुढे ते जळगाव आणि धुळे झाले आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. सरकारी पत्त्यात, नकाशात, नोंदणीत खान्देश कुठेच नाही. म्हणून जळगावातला माणूस जवळचा प्लंबर शोधताना 'खान्देश' टाइप करत नाही, 'जळगाव' करतो. उलट शेवभाजी, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे यांच्या आधी 'खान्देशी' हा शब्द आपोआप लागतो, विशेषतः घरापासून दूर राहणाऱ्यांच्या तोंडी. खाद्यपदार्थ, मसाले, अहिराणीशी संबंधित काम याला खान्देश शोभतो. सेवा देणाऱ्यांनी शहराचं नाव घ्यावं. लिहितानाही 'खान्देश' आणि 'खानदेश' अशी दोन रूपं चालतात. रोमन लिपीत मात्र दोन्ही एकाच स्पेलिंगवर येतात, त्यामुळे डोमेनला अडचण नाही. पानावर दोन्ही रूपं सहज येतील असं लिहा.

आपल्या गावांच्या नावांचे दुसरे अर्थ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. रावेर रोमन लिपीत लिहिलं की तो इंग्रजी शब्द होतो आणि रात्रभर नाचगाण्याच्या मेजवान्यांना जाणारा माणूस असा त्याचा अर्थ होतो. नुसत्या रावेरवर नाव घेतलं तर परदेशी कपड्यांच्या दुकानांशी गाठ पडते. चोपडा हे आडनाव आहे, आणि गुजरातीत चोपडा म्हणजे हिशेबाची वही, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला त्या शब्दाचा शोध चोपडापूजनाकडे जातो. साक्री नावाचं गाव बिहारमध्येही आहे, शिरपूर वाशीम जिल्ह्यातही आहे, आणि जळगाव जामोद बुलढाणा जिल्ह्यात. कळणा रोमन लिपीत लिहिला तर पश्चिम बंगालमधलं कालना शहर समोर येतं. अशा शब्दांवर फुली मारायची गरज नाही, त्यांना एकटं सोडायचं नाही एवढंच. रावेरपुढे केळी आली, कळण्यापुढे भाकरी किंवा पीठ आलं की अर्थ नेमका होतो.

तीन जातींची नावं

नुसत्या कीवर्डचं नाव, नुसतं ब्रँडचं नाव आणि दोन्हींची मिसळ, अशा तीन जाती. धंदा मोठा करायचा असेल तर मिसळच घ्यावी: एक शब्द तुमचा, एक शब्द धंद्याचा. नमुन्यादाखल 'तापीकाठ' हा शब्द घेऊ. 'तापीकाठ केळी' हे डोमेन ऐकून माल कळतो आणि नाव दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. 'जळगाव केळी वेफर्स ऑनलाइन' यातून माल कळतो, पण दुकान कळत नाही.

नुसत्या कीवर्डच्या नावाचे तीन तोटे सहसा कुणी सांगत नाही. पहिला कायद्याचा. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, दर्जा किंवा भौगोलिक उगम एवढंच सांगणाऱ्या शब्दाला एरवी नोंदणी मिळत नाही. म्हणजे तुम्ही डॉट कॉम घेतलं आणि समोरच्याने तेच नाव डॉट इनवर घेतलं, तर त्याला अडवायला तुमच्या हातात फार काही राहत नाही. उलट वेगळेपण असलेल्या नावाला डोमेन म्हणूनही संरक्षण मिळू शकतं. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तसा निर्णय दिला आहे. दुसरा तोटा गूगलच्या निकालातला. तिथे मथळ्याच्या वर साइटचं नाव दिसतं, आणि सर्वसामान्य वर्णन असलेलं नाव, म्हणजे 'अमुक शहरातले उत्तम डॉक्टर' या धाटणीचं, ते नाव फार प्रसिद्ध नसेल तर निवडलं जाण्याची शक्यता कमी, असं गूगलच स्वतः सांगतं. तिसरा तोटा वाढीचा. 'जळगाव डाळ' नाव घेतलं आणि पुढच्या वर्षी मसाले, पापड सुरू केले, की नाव कपाळावर चिकटलेल्या जुन्या पाटीसारखं होतं.

नुसतं कीवर्डचं नाव कुठे चालतं? एकाच विषयाची माहिती देणाऱ्या साइटला, जी तो विषय शेवटपर्यंत सोडणार नाही. मृगबाग आणि कांदेबाग केळीच्या लागवडीची संपूर्ण माहिती एका ठिकाणी द्यायची असेल तर 'कांदेबाग' हा शब्द सोन्यासारखा आहे: नेमका, आपल्याच भागातला, आणि शोधणारा कोण हे लगेच सांगणारा.

स्पेलिंग: निम्मं काम इथेच

मराठी शब्द रोमन लिपीत नेताना प्रत्येक जण वेगळा लिहितो. भुसावळमध्ये कुणी डब्ल्यू लिहितं, कुणी व्ही. सावद्याचं तेच, यावलचं तेच. सातपुड्याचं डी की आर? इंग्रजी नकाशांवर आर असतो, आपल्या दुकानांच्या पाट्यांवर डी. शेवेच्या सुरुवातीला एसएच की नुसता एस, भरीतमध्ये आय एक की ई दोन? केळीतल्या ळ ला तर रोमन लिपीत वेगळं अक्षरच नाही, त्यामुळे 'केळी' आणि 'केली' एकच दिसतात. उपाय असा: वेगवेगळ्या वयाच्या सात-आठ लोकांना नाव फोनवरून एकदाच सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगा. सहा जणांनी सारखं लिहिलं तर नाव पक्कं. अर्ध्या लोकांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरं लिहिलं, तर दोन्ही डोमेन घ्या, एक मुख्य ठेवा आणि दुसरं त्याच्याकडे ३०१ रिडायरेक्टने (एक पत्ता कायमचा दुसऱ्याकडे पाठवणाऱ्या सूचनेने) वळवा. तीन-चार प्रकार आले तर तो शब्दच सोडा.

नियमाप्रमाणे नावाच्या एका भागात ६३ अक्षरं बसतात, पण व्यवहारात पंधरा-सोळाच्या पुढे जाऊ नये. मोबाइलच्या पडद्यावर लांब नाव तुटतं आणि रिक्षाच्या मागे रंगवलं तर वाचता येत नाही. दोन शब्दांच्या सांध्यावर तेच अक्षर दोनदा येत असेल, जसं जळगावच्या शेवटचा एन आणि नर्सरीच्या सुरुवातीचा एन, तर अर्धे लोक एकच टाइप करतात. आकडा टाळा, कारण '७' लिहायचं की 'सात' हे तोंडी सांगताना कळत नाही. हायफन चालतो, गूगल त्याला दोन शब्दांमधली जागा समजतं, पण फोनवर 'मध्ये आडवी रेघ' असं प्रत्येकाला सांगावं लागतं. एकापेक्षा जास्त हायफन असलेलं नाव लोकांना फसव्या साइटसारखं वाटतं, ते घेऊच नका.

सगळी अक्षरं जोडून एकदा लहान इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहा आणि मध्येच भलताच इंग्रजी शब्द तयार होत नाही ना ते बघा.

डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत

डॉट इनमुळे साइट भारतातल्या लोकांसाठी आहे एवढी खूण गूगलला मिळते. देशातच विकायचं असेल तर डॉट इन उत्तम, आखाती देशांत केळी पाठवायची असतील तर डॉट कॉम मुख्य ठेवा. शक्य असेल तर दोन्ही घ्या. पहिल्या वर्षी कवडीमोलाने मिळणाऱ्या नव्या शेवटांच्या नादी लागू नका. शेवटात 'शॉप' किंवा 'ऑनलाइन' असला म्हणून रँकिंग वाढत नाही आणि ग्राहक सवयीने डॉट कॉमच टाइप करतो.

देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, आणि मराठीत संपूर्ण पत्ता लिहिता येतो ही आनंदाचीच गोष्ट आहे. 'खान्देशीशेवभाजी डॉट भारत' हे पाटीवर फार सुंदर दिसेल. पण आतून असा पत्ता प्युनीकोड नावाच्या रोमन रूपात साठवला जातो, ज्याची सुरुवात एक्स, एन आणि दोन हायफन अशी होते. ब्राउझरमध्ये देवनागरी दिसत असली तरी पत्ता कॉपी करून कुठे पेस्ट केला की बऱ्याचदा ते अगम्य रूप बाहेर येतं आणि समोरच्याला लिंक घातक वाटते. अशा डोमेनवरचा ई-मेल पत्ता अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तर आहेच: 'केळी' दीर्घ की ऱ्हस्व यावर पत्ता बदलतो. म्हणून देवनागरी नाव जरूर घ्या, ते रोमन नावाकडे वळवा, आणि छापील पाटीवर दोन्ही द्या.

पैसे भरण्याआधीची तपासणी

आधी भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. वर्ग माहीत असले की सोपं जातं: ताजी फळं ३१, मसाले ३०, दागिने १४. उच्चाराने सारखं नावही शोधा, नुसतं स्पेलिंग नको. दुसऱ्याच्या ब्रँडचा शब्द नावात घेऊन गिऱ्हाईक ओढायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. डॉट इनच्या तंट्यांसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही ठरलेली प्रक्रिया आहे आणि तिच्यात डोमेन काढून घेतलं जातं.

जळगावची केळी आणि जळगावचं भरिताचं वांगं या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ही नावं डोमेनमध्ये घेऊन दुसरीकडचा माल विकणं हा १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचा भंग ठरतो. खरोखर जळगावचाच माल असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि नोंदणीचा उल्लेख साइटवर ठळक ठेवा. असा पुरावा नावातल्या कीवर्डपेक्षा कितीतरी जास्त विश्वास देतो.

नाव आधी कुणाकडे होतं का ते वेबॅक मशीनवर (वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) पाहा. चिनी अक्षरांची पानं, जुगार, औषधांच्या जाहिराती दिसल्या तर ते नाव सोडा. 'जुनं डोमेन घ्या, त्याची ताकद मिळेल' असं सांगून मुदत संपलेली डोमेन महागात विकणारे बरेच आहेत. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात मुदत संपलेल्या डोमेनचा असा गैरवापर स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. घेतलंच, तर सर्च कन्सोलमध्ये मालकी सिद्ध करून मॅन्युअल अ‍ॅक्शनचं पान, म्हणजे गूगलने केलेल्या दंडात्मक कारवाईची नोंद, त्याच दिवशी तपासा.

घेताना

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर, तुमच्या मोबाइलवरच हवं. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात नोंदलेलं डोमेन ही छोट्या धंद्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे: दोन वर्षांनी तो माणूस फोन उचलत नाही आणि नाव, ई-मेल, आलेली सगळी लिंक त्याच्या हातात राहते. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, खातं स्वतः उघडा, दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करा, आणि काम करणाऱ्याला फक्त डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदी) बदलण्यापुरता प्रवेश द्या. पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा. डॉट कॉम नवीन घेतलं की साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि त्या खात्याला जोडलेलं कार्ड चालू आहे ना ते पाहा. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवलत मिळू शकते, त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी ते कुणालाही मिळतं. दहा वर्षांसाठी एकदम घेतल्याने रँकिंग वाढत नाही. विसरण्याचा धोका कमी होतो, तेवढ्यासाठी तीन वर्षांचं घ्या.

घेतल्यानंतरचे पहिले सात दिवस

१. एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र बसवा. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत मिळतं. त्रिवार डब्ल्यूसह की त्याशिवाय, यातलं एक रूप ठरवा आणि बाकी सगळी रूपं ३०१ ने तिकडे वळवा. हे न केल्यास एकच साइट चार पत्त्यांवर उघडते.

२. सर्च कन्सोलमध्ये 'डोमेन' प्रकारची नोंद करा. त्यासाठी मिळणारी टीएक्सटी ओळ रजिस्ट्रारच्या डीएनएसमध्ये टाकायची असते. मग साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या.

३. पहिल्या पानाच्या शीर्षकात धंदा आणि गाव एकदाच, पूर्ण अर्थाने लिहा: 'तापीकाठ: रावेरच्या केळीचे वेफर्स, घरपोच'. डोमेनमध्ये शब्द आला म्हणून पानावर तो वीस वेळा घोकायचा नसतो. नावात कीवर्ड, शीर्षकात कीवर्ड, प्रत्येक परिच्छेदात कीवर्ड आणि मेनूतही कीवर्ड, असं झालं की नावाचा उपयोग उलटा होतो.

४. पहिल्या पानाच्या कोडमध्ये वेबसाइट प्रकारचा स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलला वाचता येईल अशा ठरलेल्या रचनेतली माहिती) टाकून साइटचं नाव द्या. ते नाव छोटं, ब्रँडचं असावं.

५. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये दुकानाच्या पाटीवर आहे तेच नाव लिहा. डोमेनमध्ये 'जळगाव गोल्ड' आहे म्हणून प्रोफाइलच्या नावात जळगाव, गोल्ड, बेस्ट, ज्वेलर्स असं सगळं कोंबलं तर नोंद निलंबित होऊ शकते, आणि ती परत सुरू करायला कागदपत्रं देत बसावं लागतं. सणासुदीच्या तोंडावर असं झालं तर नुकसान मोठं होतं.

खरं काम यानंतरचं आहे, ते म्हणजे पानांचं. केळीच्या साइटवर ग्रँड नैन आणि बसराईमधला फरक, वेफर्ससाठी कोणती केळी कोणत्या टप्प्यावर घेतात, पाकीट किती दिवस टिकतं, कुठल्या पिनकोडला किती दिवसांत पोचतं, अशी एकेका प्रश्नाची पानं असू द्या. पानाचा पत्ता छोटा आणि वाचता येईल असा ठेवा. वर आणतात ती ही पानं.

दहा गावं, दहा डोमेन: हे करू नका

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शहादा अशा प्रत्येक गावाच्या नावाने डोमेन घ्यायचं, प्रत्येकावर तोच मजकूर गाव बदलून टाकायचा आणि सगळ्यांतून एकाच दुकानाचा फोन नंबर द्यायचा, ही युक्ती अजूनही विकली जाते. गूगलच्या धोरणात याला डोअरवे म्हणतात आणि ती सरळ स्पॅममध्ये मोडते. दहा साइटपैकी एकीलाही पुरेशी लिंक मिळत नाही, दहांचे पैसे दरवर्षी जातात, आणि कारवाई झाली तर सगळ्या एकत्र खाली जातात. त्याऐवजी एकाच डोमेनवर गावांची पानं करा, पण ज्या गावाबद्दल सांगण्यासारखं खरं काही आहे त्याच गावांची: तिथली शाखा, तिथले कामाचे फोटो, तिथे पोचायचा खर्च आणि वेळ. चोपड्याच्या पानावरून चोपड्याचं नाव काढून एरंडोल टाकलं आणि पान तसंच खरं राहिलं, तर ते पान ठेवू नका.

नाव आधीच चुकलेलं असेल तर

जुनं डोमेन चालू असताना नुसत्या कीवर्डसाठी नवं घेऊ नका. स्थलांतरात काही आठवडे रँकिंग हलतं आणि मिळणारा फायदा तेवढा नसतो. नाव उच्चारता येत नसेल, धंदाच बदलला असेल किंवा कायद्याची अडचण असेल, तरच बदला. बदलताना जुन्या साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी करा आणि प्रत्येक जुनं पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ ने वळवा. सगळी पानं नव्या मुखपृष्ठाकडे वळवणं ही नेहमीची चूक आहे. गूगल ते 'पान सापडलं नाही' असंच धरतं आणि जुनी कमाई वाया जाते. मग सर्च कन्सोलमधलं पत्ता बदलण्याचं साधन वापरा. रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा, आणि जुन्या डोमेनचं नूतनीकरण त्यानंतरही करत राहा, कारण तुमच्या जुन्या पिशव्यांवर, बिलांवर आणि लग्नपत्रिकांवर तोच पत्ता छापलेला आहे.

तीन महिने झाले की सर्च कन्सोलमध्ये कामगिरीचं पान उघडा आणि शोधशब्द दोन ढिगांत वाटा: ज्यात तुमचं ब्रँडचं नाव आहे ते एका बाजूला, नुसते धंद्याचे शब्द दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगात दिसण्याची संख्या चांगली आणि क्लिक कमी असतील, तर आधी पानांची शीर्षकं बदलून पाहा आणि आणखी महिनाभर थांबून पुन्हा मोजा. पहिल्या ढिगात लोक नाव चुकीच्या स्पेलिंगने टाइप करताना दिसले, तर ते चुकीचं स्पेलिंग असलेलं डोमेन अजून मोकळं आहे का ते त्याच दिवशी तपासा.